पोहे भिजेपर्यंत

उत्साही : सकाळच्या न्याहारीचा लोक एवढा बाऊ का करतात, मला खरंच कळत नाही. सव्वासातची शाळा, पावणेसातला बस, सहाला मुलाला उठवायचं, हे सगळं मान्य. पण त्या पाऊण तासात गॅसपाशी दहा-बारा मिनिटंच लागतात. बाकीचा वेळ 'काय करू' यातच जातो. फ्रीज उघडायचा, उगाच न्याहाळायचा, मुलाला विचारायचं, ते म्हणणार 'काहीही', आपण उपमा म्हटलं की 'उपमा नको'. हा खटला आदल्या रात्रीच निकालात काढला तर सकाळ मोकळी. हिरवे मूग रात्री भिजत घाला, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून मिक्सरमधून फिरवा आणि तव्यावर पसरा. आंबवायचं नाही, पीठ फुगायची वाट बघायची नाही. पहिलं धिरडं तव्यावर आहे तोवर मोजे शोधून होतात. पोहेच हवे असतील तर कोकणातले दडपे पोहे घ्या. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, ओलं खोबरं, लिंबू, वरून चुरचुरीत फोडणी, आणि झाकण ठेवून आपण अंघोळीला. विदर्भातली उकडपेंडी तर मुंबई-पुण्याच्या घरांनी का उचलली नाही कोण जाणे! कणीक तेलावर खमंग भाजायची, कांदा-मिरचीची फोडणी, ताक-पाण्याचा हबका, एक वाफ. पोळ्यांची कणीक घरात असतेच, त्यामुळे रवा संपला, पोहे संपले ही सबबही उरत नाही.

शंकेखोर : तुमच्या दहा मिनिटांत कांदा आधीच चिरलेला असतो, खोबरं खवलेलं असतं, कोथिंबीर निवडून डब्यात भरलेली असते. घड्याळ तुम्ही फोडणीपाशी सुरू करता आणि बशीपाशी थांबवता. मिक्सरचं भांडं कोण धुतं? तव्याला चिकटलेलं पहिलं धिरडं कोण खातं? पण ते जाऊ दे. माझं भांडण पदार्थांशी नाहीच, वेळेशी आहे. आपल्याकडे शाळा अकरा ते पाच असायच्या, कित्येक गावांत अजूनही असतात. मुलं साडेदहाला वरण-भात, पोळी-भाजी जेवून निघायची. त्याआधी कपभर दूध किंवा चहा, फार तर त्यात बुडवून रात्रीची पोळी. न्याहारी शेतावर जाणाऱ्यांची: भाकरी, ठेचा, कांदा. पोहे, उपमा, शिरा हे रविवारचे नाहीतर पाहुण्यांचे. मग शहरात वर्गखोल्या कमी पडल्या, शाळा दोन सत्रांत भरू लागल्या, एकाच बसच्या दोन-दोन फेऱ्या लागल्या आणि सकाळचं सत्र सातवर आलं. जी गोष्ट साडेदहाच्या जेवणाने आपोआप भागत होती, ती सव्वासहाच्या स्वयंपाकघरात येऊन पडली. आता तिच्यावर पाककृतींचा मारा चाललाय. डिसेंबर 2023 मध्ये त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलायला सांगितलं. फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णयही निघाला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा म्हणून. लगेच दोन सत्रवाल्या शाळांची कुरकुर, बसवाल्यांची कुरकुर, आणि गंमत म्हणजे ऑफिस गाठणाऱ्या पालकांचीही. नऊची शाळा म्हणजे मुलाला सोडणार कोण? म्हणजे न्याहारीचा प्रश्न सोडवायची एक सरळ वाट निघाली होती आणि ती नको म्हणणाऱ्यांत आपणही होतो. मग मुगाच्या धिरड्याने काय साधणार?

उत्साही : सोमवार साधेल. शाळेची वेळ बदलेल तेव्हा बदलेल, पण उद्या सकाळी पावणेसातला बस कोपऱ्यावर येणारच आहे. आणि तुम्ही म्हणता ती साडेदहाची जेवणंसुद्धा आपोआप होत नव्हती, त्यासाठी कुणीतरी सातपासून चुलीपाशी असायचं. राहिला घड्याळाचा हिशोब. तो मी प्रामाणिकपणे मांडतो. रविवारी तासभर जातो: लसूण सोलणं, दाण्याचं कूट, कोथिंबीर, मटकीला मोड आणणं. रोज रात्री आवरताना पाच मिनिटं जातात. सकाळी दहा. ही बेरीज 'दहा मिनिटांत न्याहारी' या मथळ्यापेक्षा बरीच मोठी आहे, कबूल. तरी रविवारच्या दुपारचं मिनिट आणि सकाळी सहा चाळीसचं मिनिट यांची किंमत एक नाही. सहा चाळीसला एक बूट सापडत नसतो, वहीवर सही राहिलेली असते, खालून सोसायटीचा माणूस गाडी काढायला सांगत असतो. तिथलं काम उचलून रविवारी नेऊन ठेवलं, तर एकूण काम तेवढंच राहूनही घरातली आरडाओरड कमी होते. मुलाच्या घशाखाली चार घास जातात ते या शांततेमुळेच.

शंकेखोर : बरं, घशाखाली काय जातं तेही बघू. 'पौष्टिक' हा शिक्का आपण भलताच उदारपणे मारतो. पोह्यांत लोह भरपूर, हे तुम्ही मला कितीदा ऐकवलंय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. 2017 मध्ये हैदराबादच्या त्याच संस्थेने नवे तक्ते काढले, त्यात ते साडेचारच्या आसपास आलंय. लेख मात्र अजून जुन्याच आकड्यावर चालतात. आणि 'न्याहारी हे दिवसातलं सगळ्यांत महत्त्वाचं जेवण' हे वाक्य कुठून आलं? ऋषिमुनींकडून नक्की नाही. अमेरिकेत बॅटल क्रीकला डॉ. जॉन हार्वी केलॉग 'गुड हेल्थ' नावाचं मासिक चालवत. 1917 मध्ये त्यात या अर्थाचं लिहून आलं. त्यांच्या भावाने 1906 मध्येच कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली होती. तीच कंपनी 1994 मध्ये आपल्याकडे आली, कारखाना काढला तळोज्याला, आणि आपण त्या कुरकुरीत पाकळ्यांवर गरम दूध ओतून लगदा करून खाल्ला! धंदा बसायला बरीच वर्षं लागली. वाक्य मात्र पहिल्याच दिवशी बसलं. 2019 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये न्याहारीवरच्या चाचण्यांचा आढावा आला होता. न्याहारी केल्याने मोठ्या माणसांचं वजन आटोक्यात राहतं, याला त्यात आधार सापडला नाही. म्हणजे ज्या अपराधी भावनेपोटी घरोघरच्या बायका पाचला उठतात, तिचा पाया तुम्ही समजता तितका पक्का नाही.

उत्साही : मोठ्यांचं सोडा हो. मी स्वतः कित्येकदा नुसत्या चहावर अकरापर्यंत काढतो, मला काही झालेलं नाही. लहान मुलांचं गणित वेगळं आहे आणि तेही सगळ्या मुलांचं एक नाही. जमैकात किंग्स्टनच्या शाळकरी मुलांवर 1980 च्या दशकात अभ्यास झाले. ज्या मुलांची वाढ आधीच खुंटलेली होती, ज्यांचं पोषण कमी होतं, ती उपाशीपोटी चाचण्यांत मागे पडत होती. धडधाकट मुलांना एका न्याहारीच्या चुकण्याने तेवढा फरक पडत नव्हता. म्हणजे तुमची शंका निम्मी खरी आणि निम्मी धोक्याची. 'न्याहारीचं काही खरं नाही' असं बोलणं खात्यापित्या घरात खपून जातं, पोषण कमी असलेल्या मुलाच्या घरात ते धोक्याचं.

लोहाचं म्हणाल, तर आकडा उतरला म्हणून मी पोहे टाकून देणार नाही, त्यांना साथ नीट देईन. साठ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे भरलेली बशी, त्यात प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. मूठभर शेंगदाणे घातले की आणखी पाच-सहा. बरोबर एक अंडं किंवा पेलाभर दूध, पुन्हा सहा. वर लिंबू पिळायचं ते चवीपुरतं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि त्याच बशीबरोबर चहा प्यायला की ती मदत बरीचशी वाया. 2024 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पोषण संस्था यांनी आहाराबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात चहा-कॉफी जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर टाळा असं सांगितलंय. आपल्याकडे कितीतरी मुलांची न्याहारी म्हणजे चहा-पोळी नाहीतर चहा-बिस्कीट. नवा पदार्थ शोधायची गरजच नाही, तीच पोळी घ्यायची, तिला तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करायची आणि चहाचा कप काढून घ्यायचा. याला वेळ किती लागतो सांगा.

शंकेखोर : ही गुंडाळी मला पटली. यात भांडं धुवायला लागत नाही. पण तुम्ही दूध म्हणालात आणि पेल्यात दूध आलं की मागोमाग चॉकलेटी पावडर येते. वर्षानुवर्षं ती 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकली गेली. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की हे असलं पेय त्या नावाखाली मांडू नका, कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. डब्यामागचं लेबल तेव्हा पहिल्यांदा वाचणारे पालक मी पाहिलेत. पण त्या पावडरीचा मी नुसता निषेध करणार नाही. सव्वासहाला अर्धवट झोपेत बसलेल्या मुलाच्या पोटात काहीतरी जाईल याची ती हमी होती. ते मूल भुकेलं नसतंच, हेच कुणी बोलत नाही! रात्री साडेनऊला जेवण, साडेदहा-अकराला झोप, सहाला उठवलेलं. त्याला सव्वासहाला भूक लागेल तरी कशी? मोठी माणसं उठल्या उठल्या जेवत नाहीत आणि मुलाने मात्र धिरडं संपवलं पाहिजे. मग मागे लागणं, भरवणं, धमकी, एखादा कार्टून लावलेला मोबाइल. तुमच्या शांत सकाळीत हे कुठे बसतं?

उत्साही : बसत नाही. म्हणूनच न्याहारी दोन ठिकाणी वाटून टाकावी, असं माझं मत आहे. घरून निघताना हातात मावेल एवढंच: केळं, खजूर, आळिवाचा नाहीतर गूळ-शेंगदाण्याचा लाडू, रात्री उकडून ठेवलेलं अंडं, नाहीतर चार घोट नाचणीची आंबील. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, त्यामुळे दूध न पिणाऱ्या मुलाला ती दोन-चार दिवस तरी द्यावी. खरी न्याहारी साडेनऊच्या छोट्या सुट्टीत, डब्यातून. तेव्हा भूक लागलेली असते, शेजारी मित्र असतो, आपण मागे लागायला नसतो. आता डब्याची स्वतःची शिस्त असते. पदार्थ गळता कामा नये, गार झाल्यावर चिवट होता कामा नये, दहा मिनिटांत एका हाताने खाऊन झाला पाहिजे. इथे कांदेपोहे मार खातात. साडेनऊपर्यंत ते कोरडे पडतात आणि घशात बसतात. दडपे पोहे त्यातल्या त्यात बरे. धिरडं गुंडाळून उत्तम टिकतं. थालीपीठ टिकतं, पण थापायला वेळ लागतो, म्हणून भाजणीचं पीठ सरसरीत भिजवून त्याचीच धिरडी घालावीत. थापणाऱ्यांना हा अधर्म वाटेल, वाटू दे. फोडणीची पोळी टिकते आणि तिच्यात दाणे घातले की मुलं आवडीने खातात. इडलीला काही म्हणायचं नाही, फक्त पुण्याच्या थंडीत पीठ रात्रभरात फुगेल याची खात्री देता येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी, रात्रीचं जेवण अर्धा-पाऊण तास अलीकडे ओढता आलं तर सकाळी भूक आपोआप लागते.

शंकेखोर : आठला घरी पोचणाऱ्या आईने जेवण साडेआठला उरकायचं, म्हणजे स्वयंपाक साडेसातला व्हायला हवा. लोकल तोवर ठाण्याच्या पुढे गेलेली नसते. पण तुमचं हे सगळं ऐकताना माझ्या लक्षात येतंय ते दुसरंच. रात्री मूग भिजत घालणं, मटकी बघणं, अंडी उकडून ठेवणं, केळी पिकलीत का बघून आणणं, शाळेचा या आठवड्यातला डब्याचा तक्ता लक्षात ठेवणं. काही शाळा देतात ना असा तक्ता, सोमवारी कडधान्य, मंगळवारी पालेभाजी, अंडं चालणार नाही. ही कामं हाताची थोडी आणि डोक्याची फार. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून 'घरी आलं संपलंय' हे आठवणारं डोकं कुणाचं असतं? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामाचा हिशोब आहे. बायकांची दिवसाला 289 मिनिटं, पुरुषांची 88. आणि ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांपुरतीच काढलेली, न लावलेले पुरुष यात धरलेलेच नाहीत. मूग भिजवायचेत हे नुसतं लक्षात ठेवणं तर कुठल्याच मिनिटांत मोजलं जात नसणार. तुमच्या घरी हे तुम्ही करता, मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, कौतुक वाटतं. पण तेच सांगतेय. तुम्ही धिरडी घातलीत की चार घरांत चर्चा होते. मी घातली की तो मंगळवार असतो.

उत्साही : हे बोलणं मी खाली मान घालून ऐकून घेतो. पण त्यातून 'म्हणून करू नका' असं कसं निघतं? उलट पुरुषांना शिरायला सगळ्यात सोपी जागा हीच आहे. पुरणपोळी जमणार नाही, उकडपेंडी जमते. आणि जिथे दोघांनाही जमत नाही तिथे सरळ विकत घ्यावं, त्यात कमीपणा कसला? मुंबई तर विकतच्या जेवणावरच उभी राहिली. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, त्याच बायकांना एकत्र आणून 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज दर दोन गल्ल्यांमागे पोळीभाजी केंद्र आहे, इडलीचं पीठ पिशवीत मिळतं, बचत गटाची भाजणी, मेतकूट, नाचणी सत्त्व किराणावाल्याकडे मिळतं. भाजणी घरी करायची म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं हे सगळं वेगवेगळं भाजा, गार करा, गिरणीत न्या. ज्याला आवड आहे त्याने करावं. बाकीच्यांनी आणावं आणि गुरगुट्या भातावर मेतकूट-तूप घालून मुलाला वाढावं. भात कुकरमध्ये होतो, तोवर आपण मोकळे.

शंकेखोर : विकत आणलं की काम नाहीसं होत नाही, दुसऱ्या घरातून ते आलेलं असतं. त्यालाही माझा आक्षेप नाही, पैसे नीट दिले तर. पण ज्या ताई साडेसहाला येऊन तुमच्या-माझ्याकडे पोळ्या लाटतात, त्यांच्या घरी या वेळी काय चाललेलं असतं, हे कुणी विचारतं का? त्या साडेपाचला निघतात. मुलं त्यांचीही शाळेत जातात. मोठी मुलगी धाकट्याला उठवते, चहा करते, त्याबरोबर रात्रीची चपाती नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. तुम्ही जमैकाचं सांगितलंत ना, कोणत्या मुलाला न्याहारी चुकल्याने फरक पडतो? ते मूल त्या घरात आहे. आणि 'धावपळीत असलेल्या पालकांसाठी झटपट पौष्टिक न्याहारी' म्हणून जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातले पालक त्या ताई कधीच नसतात. त्यांच्याइतकं धावपळीत दुसरं कोण आहे?

उत्साही : याला माझ्याकडे पाककृतीचं उत्तर नाही. दुसरं एक आहे. तमिळनाडूत 15 सप्टेंबर 2022 पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात झाली. मदुराईपासून आरंभ, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर. पहिली ते पाचवी. उपमा, खिचडी, पोंगल, बरोबर सांबार. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या न्याहारीची शिफारस आहे. आपल्याकडे दुपारची खिचडी इतकी वर्षं शिजतेय, चूल आहे, स्वयंपाकी-मदतनीस बायका आहेत. तीच चूल दोन तास आधी पेटली तर तुमच्या त्या ताईंची मुलं शाळेत न्याहारी करतील.

शंकेखोर : दोन तास आधी चूल पेटवणारी बाई दोन तास आधी घर सोडेल. तिचं मानधन आधीच तुटपुंजं आहे, ते वाढणार का, हे आधी बोलू. तरीसुद्धा तुमच्या या उत्तरावर मी मत देईन. आणि त्यातली एक गोष्ट तुम्ही अगदी सहज बोलून गेलात, ती मला फार महत्त्वाची वाटते. उपमा, खिचडी, पोंगल. तीन-चार पदार्थांवर आठवडा निघतो. तिथे कुणी 'आज वेगळं काय' असं विचारत नाही. आपल्या घरांत सकाळचा खरा चोर हे 'वेगळं काय' आहे. भाकरी खाणाऱ्या माणसाने रोज भाकरीच खाल्ली. सोमवारी भाकरी, मंगळवारी पॅनकेक, बुधवारी बीटाचा डोसा हे खूळ कुठून आलं सांगा? पाच दिवस एकच न्याहारी ठेवा. मुगाचं धिरडं तर धिरडं, अंडं-पोळी तर अंडं-पोळी. रात्री ठरवायला नको, आलं संपलं का आठवायला नको, नवरा-बायकोपैकी ज्याचा हात मोकळा तो करेल, कारण काय करायचं हे विचारायला कुणाकडे जावंच लागत नाही. तुमच्या वीस झटपट पदार्थांपेक्षा रोजचा एक कंटाळवाणा पदार्थ जास्त झटपट आहे.

उत्साही : थांबा, इथे मी अडणार. आहारात विविधता हवी, हे पोषणाचं अगदी पहिलं सूत्र आहे.

शंकेखोर : दिवसभरात हवी, आठवड्याभरात हवी. सव्वासहालाच हवी, असं कुठे लिहिलंय? भाज्या दुपारी आहेत, आमटी रात्री आहे, फळ संध्याकाळी आहे.

उत्साही : पोषणाचा मुद्दा सोडतो. पण जेवण म्हणजे तक्त्यातले आकडे भरणं एवढंच असतं का हो? सकाळी उठल्यावर घरात खमंग वास येतोय, आज आईने किंवा बाबाने काय केलंय हे बघायला मूल स्वयंपाकघरात डोकावतंय, यात काहीतरी आहे. शाळा, क्लास, बस, गणवेश, त्या मुलाच्या दिवसात सगळं ठरलेलंच असतं. एक बशी तरी न ठरलेली असू द्या. आणि माझं सांगतो, मला ती करायला आवडते. ठरलेलं धिरडंच रोज घालायचं असेल तर मी आठवड्याभरात कंटाळेन आणि मग ते काम पुन्हा बायकोकडेच जाईल. पुरुष स्वयंपाकघरात टिकायला हवा असेल तर त्याला थोडा खेळ करू द्या की.

शंकेखोर : बघा, आता तुम्ही खरं बोललात. तुमचा तो खेळ आहे, आणि खेळ आहे तोवर तुम्ही टिकणार. तिला टिकायचं की नाही हे कुणी विचारलेलंच नाही. मी तुम्हाला बंदी करत नाहीये. शनिवार आहे, रविवार आहे, बीटाचे डोसे घाला, पॅनकेक घाला, चार घरांना बोलवा. पाच दिवस मात्र कंटाळवाणे ठेवा आणि त्या कंटाळ्यातला निम्मा वाटा उचला. तो उचललात तर मी कौतुक मनापासून करेन.

उत्साही : आणि मूल म्हणालं, रोज तेच नको, मी नाही खाणार?

शंकेखोर : तर ते चार घोट दूध पिऊन जाईल आणि साडेनऊला भुकेपोटी डब्यातलं तेच धिरडं खाईल. एखाद्या दिवशी तेही खाणार नाही, घरी आल्यावर चिडचिड करेल आणि दुपारी दुप्पट जेवेल. धडधाकट मुलाला एवढं सोसतं. मला चालेल. तुम्हाला चालेल का?

उत्साही : नाही. बुद्धीला पटतंय, पण मूल पोटात काही न घालता जिना उतरतंय हे मला बघवणार नाही. मी आणखी पाच मिनिटं आधी उठून त्याला दुसरं काहीतरी करून देईन.

शंकेखोर : द्या. मग दोन महिन्यांनी तुमची बदली झाली, फिरतीचं काम लागलं, की त्या पाच मिनिटांची सवय लागलेलं मूल आणि त्याची आई, दोघंच घरी असतील. त्या वेळी ती पाच मिनिटं कुठून आणायची, हे आत्ताच तिच्याशी बोलून ठेवाल का?

उत्साही : बोलेन. ती काय म्हणेल, याचा अंदाज मात्र मला आत्ता तरी येत नाही.